कस्तुराबाईकडचं बटण

व्यंकटराव किती धीराचा गडी, हे गावाला विचारून उपयोग नाही. गावानं त्याचा फक्त आवाज ऐकलेला. माणसाचा धीर कळतो तो ड्रेसिंगच्या खोलीत. परभणीच्या त्या खाजगी दवाखान्यात हा पंगतीत पहिल्या पाटावर बसणारा, चार माणसांत मिशीला पीळ देऊन बोलणारा माणूस कंपौंडरच्या हातातला चिमटा नुसता बघूनच "मेलो गं माय!" म्हणून बोंब ठोकायचा. अजून पट्टीला हातसुद्धा लागलेला नसायचा, बरं का.

त्याची बायको कस्तुराबाई उशाला उभी असायची. ह्याच माणसानं तिला जन्मभर ऐकवलं होतं, "एवढ्यानं काय मरतीस का?" थोरल्या पोरीच्या लग्नात कढईतल्या तेलानं तिचा पंजा भाजला, तेव्हा हा मांडवात पान चघळत म्हणाला होता, "बायकांच्या हाताला सवय असती." सालगड्याच्या पायावर कुऱ्हाड बसली, तर म्हणे, "माती लाव अन् चल." दुसऱ्याचं दुखणं ह्याला नेहमी सोंग वाटायचं. आता स्वतःच्या कातडीवर आलं, तर सगळा दवाखाना डोक्यावर! कस्तुराबाईला त्याची कीव यायला पाहिजे होती. नवरा होता, भाजलेला होता. पण खरं सांगायचं तर तिला किळस यायची, आणि ती जखमेची नव्हती. तो कसा भाजला, हे तिला ठाऊक होतं.

गावाचं नाव कशाला घ्या. पूर्णा तालुक्यातलं आहे, रेल्वेची शिट्टी ऐकू येते, एवढं बास. गावात चांगली माणसंही आहेत, त्यांना उगाच बट्टा नको. त्या संक्रांतीला सरकारनं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं. सोळा वर्षं भिजत पडलेलं घोंगडं एकदाचं निघालं. बौद्धवाड्यातली बायापोरं, म्हातारी माणसंसुद्धा गुलाल लावून परभणीला मिरवणुकीला गेली. इकडं व्यंकटरावाची इज्जत गेली! आता ह्याला विद्यापीठाशी काय देणं-घेणं? चौथीच्या वर्गात बाक झिजवून घरी बसलेला माणूस. विद्यापीठ औरंगाबादेत आहे हे ऐकून माहीत, पण तिथं काय शिकवतात ते विचारलं असतं, तर हा आभाळाकडं बघत बसला असता. तरी दिवसभर वसरीत बसून तोंडाचा पट्टा चालूच: "नाव दिलं म्हंजी काय? आपण काय बांगड्या भरल्यात का?"

त्याला हवा घालायला पुतण्या बन्सीधर होताच. हा पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत कामाला. अंगात टेरिकॉटचा सदरा, बुडाखाली राजदूत मोटरसायकल, आणि डोक्यात भुसा. दोघांनी मिळून दिवस मावळताना मर्दुमकी दाखवायचं ठरवलं. मर्दुमकी काय, तर बौद्धवाड्याच्या कडेचं आश्रुबाचं घर पेटवायचं. घरात माणूस नाही हे बघून, हां! माणूस असता, तर ह्यांची छाती झाली नसती. रेशनच्या दुकानात रॉकेल आलेलं नव्हतं, म्हणून बन्सीधरनं गाडीतलं पेट्रोल डब्यात काढून दिलं आणि स्वतः लांब लिंबाखाली उभा राहिला.

ज्यानं जन्मात कधी चूल पेटवली नाही, त्याला रॉकेल काय आणि पेट्रोल काय, एकच. बायका ओल्या काटक्यांवर रॉकेल ओततात, सावकाश काडी शोधतात, ओढतात, हे त्यानं लांबून पाहिलेलं. तसंच त्यानंही केलं. कुडाच्या भिंतीवर ओतलं, थोडं धोतरावर सांडलं, थोडं बाहीवर. मग डबा खाली ठेवून खिसे चाचपत बसला. काडी ओढली त्याबरोबर भडका कुडाकडं न जाता आधी ह्याच्याकडं आला. उजवा हात खांद्यापर्यंत, छाती, मानेची एक बाजू, गाल. निम्मी मिशी जागच्या जागी खलास. मग कूड पेटला, आणि हा मर्द गडी बोंबलत स्वतःच्या घरात घुसला.

रांजणातलं पाणी तांब्या-तांब्यानं ओतून कस्तुराबाईनं त्याला विझवलं. पेट्रोलचा वास तिच्या नाकात गेला तो गेलाच. आणि ओतता ओतताच तिला आश्रुबाच्या दोन शेळ्या ऐकू आल्या. दावणीला बांधलेल्या होत्या. त्या किती वेळ ओरडल्या ते ती कुणालाच सांगू शकली नाही, कारण वसरीत येऊन बघताना तिनं कानावर हात ठेवले होते.

दवाखान्यात सांगायला बन्सीधरनं गोष्ट रचली. काका चहा करत होते, स्टो भडकला. चहा! व्यंकटराव! पाण्याचा तांब्या हातभर लांब असला, तरी बायकोला परसातून हाक मारणारा माणूस म्हणे चहा करत होता. पोलिसांनी तेवढं टिपून घेतलं. कस्तुराबाईला विचारलं, तर तिनं मान हलवली. तिला दोन लेकी, दोघी नांदत्या. माहेरी भाऊ, तोही हातावर पोट असलेला. नवऱ्याविरुद्ध बोलून जायचं कुठं? तिनं मान हलवली आणि त्या दिवसापासून तिला तिचीच लाज वाटायला लागली.

पण गोष्ट रचून भागत नाही, ती टिकवावी लागते. आणि व्यंकटरावाच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? ड्रेसिंगच्या वेळी जखमेला चिकटलेली पट्टी कंपौंडर पाण्यानं भिजवून सोडवायचा, मेलेली कातडी काढायचा, पांढरं मलम लावायचा. तेवढ्यात हा देवाधर्माची, आईबापाची सगळी नावं घेऊन संपवायचा आणि मग बन्सीधरवर घसरायचा. "बन्श्या, मुडद्या, पेट्रोल दिलंस मला!" बन्सीधर धावत जाऊन दार लावायचा. पहिल्यांदा त्यानं काकाच्या तोंडात टॉवेल कोंबला. डॉक्टरनं त्याला खोलीबाहेर काढलं. मग टेपरेकॉर्डर आणून भजनाची कॅसेट लावली. व्यंकटराव भजनाच्या वर ओरडला.

तोडगा निघाला तो चुकून. बन्सीधरकडं हातात मावणारा एक खेळ होता, पुण्याहून आणलेला. वर लहानशी काच, काचेत वरून विटा पडतात. त्या खाली अशा बसवायच्या की आडवी ओळ भरली पाहिजे. भरली की ओळ गायब, आणि यंत्र टीं टीं वाजतं. खाटेजवळ बसून तो खेळत होता, तर व्यंकटराव म्हणाला, "काय वाजायलंय रे? बघू." आणि जो चिकटला तो चिकटलाच. पण अडचण अशी की खेळाला दोन हात लागतात. डावीकडच्या बटणांनी वीट सरकवायची, उजवीकडच्या मोठ्या बटणानं ती फिरवायची. ह्याचा उजवा हात पट्टीत. मग काय, बायको कशाला असते? डाव्या अंगठ्यानं हा सरकवायचा आणि उजवीकडचं बटण दाबायला कस्तुराबाई.

"फिरव. अगं फिरव! आडवी कर, आडवी! डोळे फुटले का तुझे?"

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या टेबलावरही तो खेळ सोडेना. कंपौंडरनं छातीवरची तळहाताएवढी पट्टी ओढली, तर हा फक्त "स्स" म्हणाला आणि वर, "फिरव की!" कंपौंडर बघतच राहिला. डॉक्टर भला माणूस, त्यानं ते मुद्दाम उभं राहून पाहिलं. "मन गुंतलं की दुखणं कमी पोचतं," तो म्हणाला. "ह्यांना आता निम्म्या इंजेक्शनवर भागतंय. सकाळपासून थरथरायचे, तेही थांबलं. चालू द्या." पेट्रोलचं नाव पुन्हा तोंडातून निघालं नाही. बन्सीधरनं सेलचं अख्खं खोकं आणून ठेवलं.

कस्तुराबाईनं हे सगळं डोळ्यांनी बघितलं. एवढ्याशा डबीनं माणसाचं दुखणं खरंच हलकं होतं, ह्यात काही खोटं नव्हतं. तिला नवल वाटलं, आणि नवलापाठोपाठ संताप. जगातलं असलं सुख नेमकं ह्याच्याच हातात यावं? आणि बटण तिनं दाबावं?

पलीकडच्या खाटेवर भिवराबाई होती, चुडाव्याकडची मेंढरं राखणारी म्हातारी. आंघोळीच्या पाण्याचं पातेलं दोन्ही पायांवर सांडलेलं. तिची पट्टी सोडवायचे, तेव्हा ती पदराचा बोळा दातात धरायची आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. तोंडातून शब्द नाही. कस्तुराबाईला राहवलं नाही.

"आवं, म्हातारीची पट्टी होईस्तवर तेवढा खेळ द्या की."

"सेल उतरत्यात," व्यंकटराव म्हणाला. "अन् तिला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला कळतंय व्हय? निम्मं मीच दाबते."

"लय बोलायलीस," तो म्हणाला आणि खेळ उशीखाली सारला.

दुपारी जेवून तो घोरायला लागला, तेव्हा तिनं उशीखालून खेळ काढला. भिवराबाईला ड्रेसिंगला नेलं, तिच्याबरोबर ही गेली. म्हाताऱ्या बोटांना सरकवायचं बटण दाखवलं, फिरवायचं स्वतः घेतलं. विटा वेड्यावाकड्या पडत गेल्या, आणि कंपौंडर पाय सोलत असताना म्हातारी चक्क हसली. "आगं पोरी, ही तर माझी मेंढरं हायेत. दाटीवाटीनं बसत्यात, अन् एक मधीच आडवं!" पदराचा बोळा तिच्या मांडीवर तसाच राहिला. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी कस्तुराबाईला बरं वाटलं. व्यंकटरावाला हे कळलं, तेव्हा त्यानं खेळ धोतराच्या सोग्याला पुसून घेतला. बघा म्हणजे! स्वतःचं अंग पू-रक्तानं भरलेलं, आणि म्हातारीच्या बोटांचा ह्याला विटाळ!

त्याच आठवड्यात पंचफुला आली. आश्रुबाची बायको. कस्तुराबाई दवाखान्याच्या मागं नळावर पातळ धूत होती. दोघींनी एका रानात जोडीनं कापूस वेचलेला, एका बांधावर भाकरी खाल्लेली. जरा लांब बसूनच, गावाच्या रीतीनं, पण खाल्लेली. पंचफुला नळाशी येऊन उभी राहिली. बसली नाही.

"बाई, आमच्या धन्याला पोलिसांनी नेलंय."

"का?"

"म्हणत्यात, त्यानंच घर पेटवलं. सरकारची मदत घ्यायला. ते मिरवणुकीतून आगुदर आले, शेळ्यांला पाला टाकायला. आल्या आल्या बघत्यात तर घर पेटलेलं. इझवायला गेले, म्हणून त्येच सापडले. उद्या कोर्टात उभं करणार हायेत."

कस्तुराबाईच्या हातातलं पातळ तसंच राहिलं. हे बन्सीधरचं काम. गावात हीच बोली उठवून दिली असणार, आणि गावानं ती गिळली असणार. स्वतःचं घर, स्वतःच्या शेळ्या कुणी जाळतं का, एवढाही विचार कुणी केला नाही. करायचाच नव्हता.

"बाई, तुमच्या वसरीतून आमचं दार दिसतंय," पंचफुला म्हणाली. "त्या टायमाला तुमी घरीच व्हता. कोण दिसलं का?"

"मी आत व्हते," कस्तुराबाई म्हणाली. "काय दिसलं न्हाई."

पंचफुलानं तिच्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं होतं, हे कस्तुराबाईला कळलं. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणून ती निघून गेली. कस्तुराबाईनं ते धुतलेलं पातळ पुन्हा धुतलं, मग तिसऱ्यांदा धुतलं. नवऱ्याची किळस वाटत होती, तोवर ठीक होतं. आता स्वतःच्या तोंडात घाण आल्यासारखं झालं.

संध्याकाळी बन्सीधर खुशीत आला. पोलीस ठाण्याचे जमादार थोड्या वेळात येणार होते. काकाची जबानी घ्यायला, आणि ती कशाची? तर आश्रुबाला डबा घेऊन जाताना काकांनी खिडकीतून बघितलं, त्या धसक्यानं हात हलला आणि स्टो भडकला. दोन खोट्यांची अशी गाठ मारल्यावर ह्या शहाण्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. "काका, ड्रेसिंग होऊ द्या, मग निवांत सांगा. ह्या जबानीवर आश्रुबा आत जातोय बघा."

"जाऊ दे की," व्यंकटराव काचेतून नजर न काढता म्हणाला. "असली माणसं आत ऱ्हायलेलीच बरी. फिरव गं."

असली माणसं! कस्तुराबाईचं बोट बटणावर होतं, आणि तिनं ते दाबलं.

जमादार ठरल्या वेळेच्या आधी आला. बन्सीधर त्याच्यासाठीच चहा सांगायला खाली गेला होता. टेबलावर व्यंकटराव, शेजारी स्टुलावर कस्तुराबाई, त्याच्या डाव्या हातात खेळ, उजवीकडच्या बटणावर तिचं बोट. कंपौंडर काखेतली पट्टी भिजवत होता. ती सगळ्यांत वाईट जागा. जमादार दाराशी येऊन थांबला. "होऊ द्या तुमचं," म्हणाला.

कंपौंडरनं पट्टीचं टोक धरलं. वरून लांब वीट निघाली. कस्तुराबाईनं बोट उचललं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"फिरव," व्यंकटराव म्हणाला. "फिरव की! अगं, काय करायलीस? फिरव!"

वीट उभीच पडली. तिच्यावर दुसरी पडली, तिसरी पडली. बघता बघता ढीग काचेच्या वरच्या कडेला टेकला आणि यंत्र एकदाच बारीक रडून गप्प झालं. इतका वेळ लांब थांबलेलं दुखणं मग एकदम आलं. पट्टी सुटली आणि व्यंकटरावानं खिडक्या हादरतील अशी किंकाळी फोडली.

"आई गं! बन्श्या! तुझं वाटोळं व्हईल रे! रॉकेल आण म्हणलं व्हतं मी तुला! पेट्रोल दिलंस! आश्रुबाचं घर ऱ्हायलं बाजूला, मला जाळलंस की रं!"

दारात बन्सीधर चहाचे कप घेऊन उभा होता.

"काका बरळायलेत, साहेब," तो घाईनं म्हणाला. "रात्रीपासून ताप हाय."

जमादारानं व्यंकटरावाकडं बघितलं, बन्सीधरकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडावर सुटल्याचा भाव आला. त्याला कशाला पाहिजे होती ही ब्याद? मोठं घर, वरून फोन येणार, बदली होणार. "भाजलेला माणूस कायबी बोलतो," तो म्हणाला. "ह्याला काय जबानी म्हणत न्हाईत. मी उद्या येतो." आणि वळलासुद्धा.

कस्तुराबाईला वाटलं होतं, एवढं पुरेल. नवऱ्याच्याच तोंडून निघेल, ऐकणारे ऐकतील, आणि तिला जीभ उचलावी लागणार नाही. हात झटकून मोकळं होता येईल. वा रे वा! पंचफुलाचा नवरा उद्या कोर्टात उभा राहणार, आणि ही बोट उचलून पुण्यवान होणार? तिला स्वतःचा राग आला, आणि त्या रागानंच तिला उभं केलं.

"जमादारसाहेब, थांबा."

"काय, बाई?"

"हे बरळत न्हाईत. ह्यांना मी इझवलंय. अंगाला पेट्रोलचा वास येत व्हता. स्टो त्या दिवशी पेटलाच न्हाई, घरात रॉकेलच नव्हतं. आश्रुबा आला, तवर घर निम्मं जळालं व्हतं. मी वसरीतून बघितलं."

"काकू!" बन्सीधरनं कप खाली आदळले. "घरी जायचंय का न्हाई तुमाला?"

"न्हाई," ती म्हणाली.

तिनं टेबलाची कड घट्ट धरली. टेबलावर व्यंकटराव, आता ओरडून ओरडून घसा बसलेला, डाव्या हातानं खेळ तिच्याकडं सरकवत होता. बायको काय बोलतेय ते त्याच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. "चालू कर गं," तो लहान पोरासारखा मुसमुसत म्हणाला. "दुखायलंय. चालू कर."

जमादार परत आला. कंपौंडर बघत होता, दारात डॉक्टर येऊन उभा राहिला होता, दारापलीकडच्या खाटेवरून भिवराबाईही मान उंच करून बघत होती. एवढ्या माणसांसमोर त्याला न ऐकल्यासारखं करता येईना. त्यानं स्टूल ओढलं, कागद काढला.

"इचार करून बोला, बाई. ह्याच्यानंतर माघारी फिरता येत न्हाई."

"लिव्हा तुमी."

"आश्रुबाचं घर कुणी पेटवलं?"

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हंजी कुणी? असं लिव्हता येत न्हाई. नाव घ्या."

कस्तुराबाईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. लग्नात घेतलं ते उखाण्यात, लाजून, बायकांनी ढकलून ढकलून घ्यायला लावलं म्हणून. नंतर रेशनकार्डासाठीसुद्धा पोरीकडून सांगवलं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

"व्यंकटराव," ती म्हणाली. मग तिला वाटलं, हे फार आदराचं झालं. "लिव्हा. व्यंकट्यानं पेटवलं."